चिखलावर तोललेले उड्डाण

2022 साली उपग्रह-टॅग लावलेले बार-टेल्ड गॉडविट पक्ष्याचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि 13,560 किलोमीटर न थांबता उडून 11 दिवसांनी टास्मानियात उतरले. याचे श्रेय आपण पंखांना देतो. माझ्या मते ते आधी चिखलाला द्यायला हवे. निघण्यापूर्वी हा पक्षी लांब चोच ओल्या चिखलात खुपसून शिंपले, किडे टिपत राहतो. वजनात निम्म्याहून अधिक चरबी साठते आणि ओझे नको म्हणून जठर, आतडी, यकृत चक्क आक्रसतात. वाटेत समुद्रावर त्याला चरता येत नाही. शिदोरी काय ती अंगावरचीच.

परतीच्या वाटेवर तो पीत समुद्राच्या किनाऱ्यांवर आठवडेच्या आठवडे चरतो. एक किनारा बुजवला तर तो दुसरीकडे जाईल, असे कुणी म्हणेल. पण दुसरीकडचे खाद्यही मोजकेच, आणि तिथे खाणारे आधीच हजर असतात. याच समुद्राच्या काठी दक्षिण कोरियात 2006 मध्ये सेमांगुमचा 33 किलोमीटरचा बांध पुरा झाला आणि तिथला चिखलाचा किनारा समुद्रापासून तुटला. तिथे चरणारे ग्रेट नॉट हे दुसरे स्थलांतरी पक्षी शेजारच्या किनाऱ्यांवर वाढलेले दिसले नाहीत; उलट ते स्थलांतर करून जातात त्या ऑस्ट्रेलियातली त्यांची संख्या घटली. चीनने 2019 मध्ये आणि दक्षिण कोरियाने 2021 मध्ये पीत समुद्राचे काही किनारे जागतिक वारशात नोंदवून घेतले. सेमांगुम त्या यादीत नाही.