‘मूळचं पुणं’ नेमकं कुठलं?

‘पूर्वीचं पुणं राहिलं नाही,’ असं पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं. हे ‘पूर्वीचं’ मात्र बोलणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलतं. एकाला सायकलींचं पुणं आठवतं, दुसऱ्याला वाड्यांचं, तर तिसरा थेट पेशवाईत जाऊन पोचतो. यातूनच काही समज घट्ट होत गेले. ते पुराव्यांशी ताडून पाहायला हवेत.

गैरसमज : पुणे पेशव्यांनी वसवलं.

वस्तुस्थिती : शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली. त्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी, इ.स. ७६८च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘पूनक विषय’ असा या भागाचा उल्लेख सापडतो. ‘विषय’ म्हणजे प्रशासकीय विभाग. त्याच शतकातलं पाताळेश्वर लेणं आज जंगली महाराज रस्त्याला लागून उभं आहे. रस्त्यावरच्या गोंगाटातून काही पावलं आत गेलं की काळ्या पाषाणात कोरलेला गोल नंदीमंडप समोर येतो. लेण्यातलं काही काम तर अर्धवटच राहिलेलं आहे.

पुढे १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. त्या उजाड झालेल्या कसब्यात जिजाऊ आणि बालशिवाजी राहायला आले आणि गाव पुन्हा उभं राहिलं. पेशव्यांच्या वाट्याला आलं ते एकदा मोडून पुन्हा वसलेलं गाव. त्याचं मोठं शहर त्यांनी केलं, हे श्रेय मात्र निःसंशय त्यांचंच.

गैरसमज : पेठांना पहिल्यापासून वारांचीच नावं होती.

वस्तुस्थिती : सोमवार पेठ आधी शहापूर होती, रविवार पेठ मलकापूर, शुक्रवार पेठ विसापूर. बुधवार पेठ औरंगजेबाच्या काळात वसली, तेव्हा तिचं नाव होतं मुहियाबाद. वारांची नावं पेशवाईत रुळली. आज ज्या नावांशिवाय पुण्याची कल्पनाही करवत नाही, ती एके काळी नवी होती.

गैरसमज : जुन्या शहरात पाण्याची सोय म्हणजे नदी आणि आड.

वस्तुस्थिती : अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळाने शहरात आणलं. पंप नव्हता; सगळं काम जमिनीच्या उताराचं. हा नळ म्हणजे माणूस आत उतरून चालू शकेल एवढा दगडी बांधणीचा बोगदा. हवा खेळती राहावी आणि साफसफाईसाठी आत उतरता यावं म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. पाणी पेठांतल्या हौदांत पडे.

हे पाणी सगळ्यांचं होतं, असं समजणं मात्र दुसरा गैरसमज ठरेल. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना सार्वजनिक पाणवठ्यांवर मज्जाव होता. १८६८ साली महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. शहर कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर त्या हौदाच्या काठावर बदलू लागलं.

गैरसमज : वाडे केवळ बिल्डरांनी संपवले.

वस्तुस्थिती : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरणही. मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं आणि माती-लाकडाचे कितीतरी वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. एका चौकात, एका आडाभोवती वाढलेली बिऱ्हाडं गावाबाहेरच्या माळावर विखुरली. उरलेल्या वाड्यांवर पुढे इमारती चढल्या हे खरं, पण वाड्यांच्या शहराला पहिला मोठा तडाखा पुराने दिला.

कसबा, मुहियाबाद, पेशव्यांची राजधानी, पूरग्रस्तांच्या वसाहती : हे सगळंच पुणं. २०२१ साली आणखी २३ गावं महापालिकेत आली. उद्या त्या गावांतली मुलंही ‘आमचं जुनं पुणं’ म्हणतील, आणि त्यांचा हक्क कसब्यातल्या माणसाइतकाच खरा असेल. जुन्या-नव्या पुणेकरांनी मिळून एवढं जरूर करावं : कात्रजच्या नळाचे जे उच्छ्वास अजून शिल्लक आहेत, ते बुजू देऊ नयेत.