स्टँडर्ड : आकडा आणि त्यामागच्या अटी

मानक आणि निकष यांच्यातील सीमारेषेचे विवेचन या भागात करण्याचे ठरले होते. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या एका वाचकाने पाठवलेल्या प्रश्नाला आधी उत्तर देणे अगत्याचे असल्याने ते विवेचन पुढे ढकलले आहे. सिमेंटमध्ये ४३ पेक्षा ५३ ग्रेडचे सिमेंट वरचे समजतात, कोळशात जी-५ पेक्षा जी-१० हलका ठरतो, आणि हवेतील धुळीचा आकडा तर जितका कमी तितका चांगला. असे असताना या तिन्ही गोष्टींना लोक 'स्टँडर्ड' हा एकच शब्द कसा लावतात, असा तो प्रश्न आहे. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना आणि धुळीची तक्रार या तिन्ही गोष्टी ज्या गावात शेजारी शेजारी नांदतात, तेथूनच तो यावा हे स्वाभाविक आहे.

सिमेंटच्या पोत्यावरील ५३ हा आकडा दाब सोसण्याच्या शक्तीचा आहे, आणि तो कसा काढतात हे पाहिल्याशिवाय त्याला काहीच अर्थ उरत नाही. प्रयोगशाळेत २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम वाळू ठरलेल्या प्रमाणातील पाण्यात कालवून सुमारे ७ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा पाडतात. वाळूसुद्धा नदीवरची चालत नाही, तर तामिळनाडूतील एन्नोरची, तीन ठरावीक जाडींच्या कणांची, प्रत्येकी २०० ग्रॅम घ्यावी लागते. ठोकळा पहिला दिवस दमट हवेत आणि नंतर २७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात ठेवून २८ व्या दिवशी यंत्राखाली दाबतात. प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन, म्हणजे ५० चौरस सेंटिमीटरच्या त्या पृष्ठभागावर एकूण सुमारे २७ टन, इतका भार त्याने सोसला पाहिजे. वाळू, पाणी, तापमान आणि दिवस यांपैकी एकही अट बदलली तर आकडा बदलतो, म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या लेखी आकड्याइतकेच त्याच्या अटींनाही महत्त्व आहे. यावरून हेही ध्यानात येईल की ५३ ग्रेडचे सिमेंट प्रत्येक कामासाठी सरस असते ही समजूत चुकीची आहे. त्याला शक्ती लवकर येते, पण त्यातून उष्णताही अधिक निघते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांपुढे जात असताना पाणी मारण्यात कुचराई झाली तर भेगा पडण्याचा धोका वाढतो. गिलाव्यासाठी ते वापरणे हा निव्वळ अपव्यय आहे.

कोळशाच्या ग्रेडची चढण उलटी आहे, कारण तेथील क्रमांक मोजमापाचा नसून पायरीचा आहे. २०११ च्या अखेरपर्यंत वीजनिर्मिती व इतर कारखान्यांना लागणाऱ्या कोळशाचे ए ते जी असे सात वर्ग होते, आणि राख व ओलावा यांची टक्केवारी एका सूत्रात घालून उपयुक्त उष्णता काढली जाई. १ जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांक, म्हणजे एक किलो कोळसा पूर्ण जळाल्यावर निघणारी सगळी उष्णता, हा आधार धरून जी-१ ते जी-१७ अशा पायऱ्या आखल्या गेल्या : जी-१ मध्ये ७,००० किलोकॅलरींहून अधिक, आणि त्याखाली प्रत्येक पायरीला ३०० ची घट. जुन्या मोजणीत 'जी' हा तळाचा वर्ग होता आणि नव्या मोजणीत जी-१ हा माथ्याचा, त्यामुळे जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याचा गोंधळ उडणे सहज शक्य आहे. येथेही अट आहेच : पावसाळ्यात भिजलेला आणि उन्हाळ्यात वाळलेला कोळसा एकाच मापाने तोलता यावा म्हणून नमुना ४० अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेशी समतोल साधेल असा ठेवून त्याचा उष्मांक धरतात, प्रत्यक्ष वॅगनमधून येणारा कोळसा याहून ओला असू शकतो, आणि खाण व वीजकेंद्र यांच्यातील ग्रेडच्या वादाचे एक मूळ येथे आहे.

हवेचे मानक मात्र कमाल मर्यादेचे असते. १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेनुसार पीएम-१० या धुळीसाठी, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीची ६० आहे. वर्षातील २ टक्के वेळा रोजची मर्यादा ओलांडली तरी चालते, फक्त मोजणीच्या सलग दोन दिवशी ती ओलांडता कामा नये. समजा एखाद्या ठिकाणी दररोज ९० ची नोंद झाली, तर रोजच्या मर्यादेचा भंग वर्षभरात एकदाही होत नाही, आणि तरीही वार्षिक मर्यादा दीडपटीने ओलांडलेली असते. 'धूळ स्टँडर्डच्या आत आहे' हे विधान म्हणूनच अपुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच धुळीसाठी वार्षिक १५ हा आकडा सुचवला, तेव्हा मर्यादा कोठे आखायची हे मोजयंत्र ठरवत नाही, ते माणसांना ठरवावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर पट्ट्याला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि ७० च्या वरचे क्षेत्र अतिप्रदूषित धरले गेले. या पट्ट्यात ताडाळी व बल्लारपूरबरोबर घुग्घुसही होते.

घुग्घुसच्या वाचकांनी यापुढे हवेचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या ठिकाणचा आणि किती तासांच्या सरासरीचा आहे हे अवश्य विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे. मानक आणि निकष यांचा भेद पुढील आठवड्यात.