क्रिस्तपुराणाच्या दोन वाचना

इ. स. २०२० च्या जानेवारींत, दि. १० ते १२ या तीन दिवशीं, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) येथें भरलें. अध्यक्षस्थानीं वसईकडील रोमन कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांचें ‘सुबोध बायबल’ वाचकांस परिचित आहेच. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या निवडीस कांहीं मंडळींनीं विरोध केला होता. त्या वादाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु कॅथलिक पंथाचें धर्ममत मराठींत प्रथम केव्हां आलें, कोणत्या ग्रंथानें आलें, आणि त्यांतील गूढ तत्त्वांस मराठींत कोणते शब्द लाविले गेले, हा प्रश्न त्या निमित्तानें पुढें आला, व तो पोथ्यांच्या अभ्यासकांच्या कक्षेंतील आहे.

तेरणेच्या कांठीं, माकणी, लोहारा, तेर या बाजूस, जुन्या घरांतील बाड सोडलें तर त्यांत श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ निघणें हें नित्याचें. ‘क्रिस्तपुराण’ तेथें निघण्याचा संभव जवळजवळ नाहीं; पण संग्राहकानें त्याची जातकुळी ओळखावी ती याच पोथ्यांच्या सहवासांत. हाही ओवीबद्ध ग्रंथ आहे. पहिले तीन चरण यमकानें बांधलेले, चौथा आंखूड व मोकळा, ही ग्रंथिक ओवीची चाल त्यांत जशीच्या तशी आहे. अध्यायास ‘अवस्वरु’ म्हटलें आहे. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वरु असून एकंदर ओव्या सुमारें अकरा हजार भरतात. कालदृष्ट्या हा ग्रंथ श्रीधराच्या आधींचा आहे. एकनाथांनीं १५८४ मध्यें ज्ञानेश्वरीचें संशोधन केलें तेव्हां या पुराणाचा कर्ता साष्टी प्रांतांत होता, आणि हरिविजय लिहून होण्यापूर्वीं पाऊणशें वर्षांहून अधिक काळ त्याचें पुराण छापून झालें होतें.

कर्ता जन्मानें इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स याचा जन्म विल्टशर परगण्यांतील बुश्टन येथें १५४९ च्या सुमारास झाला. इंग्लंडांत कॅथलिकांस राहणें कठीण झाल्याच्या त्या दिवसांत तो रोमेस गेला व १५७५ सालीं जेझुइट संघांत शिरला. ४ एप्रिल १५७९ रोजीं त्यानें लिस्बन सोडलें, आणि २४ ऑक्टोबर रोजीं तो गोव्यास उतरला. पुढील चाळीस वर्षें, १६१९ मध्यें मरण येईपर्यंत, तो बहुतेक साष्टींतच राहिला. ज्या साष्टींत १५६७ मध्यें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं देवळें पाडलीं व १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, तीच ही साष्टी. हें दुसरें अंग विसरून या पुराणाचें कौतुक करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पुराण कां लिहिलें याचें कारण ग्रंथांतच दिलें आहे. रविवारीं देवळांत पाद्री-गुरु मुलांस ‘दोत्रिन’ म्हणजे धर्मसंथा शिकवीत असतां एका ब्राह्मणानें विचारलें, जुनीं पुराणें वाचण्यास तुम्हीं बंदी केलीत, मग त्यांच्या जागीं वाचण्यास आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं? हा ब्राह्मण कविकल्पित असेल. प्रश्न कल्पित नव्हता. १५५८-५९ च्या सुमारास दिवाडी बेटावरून एका ब्राह्मणाच्या पोथ्या बळानें उचलून नेल्या गेल्या, व त्यांतील मजकूर पोर्तुगीजांत उतरविला गेला, असें जेझुइट पत्रव्यवहारावरून दिसतें. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरून घेतलेल्या रामायण-महाभारतकथांचीं बाडें आज आहेत. ज्यांनीं पोथ्या बंद केल्या त्यांनींच त्या वाचल्या, नकलून घेतल्या, त्यांतून छंद उचलला आणि त्या छंदांत उत्तर दिलें. आमच्या संग्राहकांस या व्यवहाराचें दुःख होईल तें योग्यच. पण त्या काळच्या गोमंतकी मराठी-कोंकणी गद्याचे अवशेष आपणांस आज याच बाडांतून मिळतात हेंही खरें.

येथें एक शंका येते. या पंथास बायबल मराठींत आणावयाचें होतें तर सरळ भाषांतर कां केलें नाहीं? उत्तर त्रेंत येथील धर्मपरिषदेंत आहे. १५४५ ते १५६३ पर्यंत चाललेल्या या परिषदेनें प्रॉटेस्टंट मताविरुद्ध असें ठरविलें कीं, प्रकट झालेलें सत्य हें लिखित शास्त्र व प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोहोंत मिळून आहे, आणि शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार धर्मसभेचा आहे. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांविषयींच्या नियमांनीं देशभाषेंतील बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्याची परवानगी आवश्यक केली. भाषांतराची वाट अशी अरुंद झाली. व्याख्यानाची मोकळी राहिली. म्हणून १६१६ च्या छापील ग्रंथाचें पोर्तुगीज नांव ‘आमचा तारक जेझू क्रिस्त याच्या जगांतील आगमनाविषयीं प्रवचन’ अशा अर्थाचें आहे. पहिल्या भागांत सृष्टीची उत्पत्ति, आदिपुरुषाचें पतन, जलप्रलय, आब्राहाम, मोइजेस, दावीद व भविष्यवादी. दुसऱ्यांत कुमारीच्या उदरीं जन्म, चमत्कार, क्रुसावरील मरण, पुनरुत्थान. ही मांडणीच धर्ममत सांगते: पहिलें पुराण हें ऋण, दुसरें हें त्या ऋणाची फेड. पूर्वजन्मींच्या कर्माऐवजीं एका आदिपुरुषाचें पाप सर्व मानवजातीस लागतें, आणि तें फेडण्यास देवाचा पुत्र एकदांच देह धरतो, हा विचार पुराणश्रवणास सरावलेल्या श्रोत्यास किती अनोळखी वाटला असेल! अवतार अनेक नव्हेत, एकच, हें ठसविण्यासाठीं कवीस वारंवार थांबावें लागतें.

छपाईचें भाग्य मात्र विचित्र. गोव्यांत मुद्रणालय १५५६ मध्येंच आलें होतें, पण नागरी खिळे नव्हते. १६०८ मध्यें स्टीफन्सनें आपल्या संघाच्या प्रमुखास पत्र लिहून देशी अक्षरांत छापण्याची अनुज्ञा मागितली. ती फळास आली नाहीं. पुराण १६१६ मध्यें राशोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापलें. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. याच कर्त्याची ‘दोत्रिन’ (१६२२) व कोंकणीचें व्याकरण (१६४०) हीं छापील रूपांत टिकलीं. एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचें १६२९ पासून छापलेलें पीटर पुराणही टिकलें. आणि सर्वांत अधिक वाचलें गेलेलें पुराणच छापील रूपांत नष्ट झालें. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें तीन वर्षांत लोकांनीं पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. १५६० मध्यें स्थापन झालेलें धर्मन्यायासन १८१२ पर्यंत होतें, व त्याच्या १७३६ च्या फर्मानानें लग्नांतील गाण्यांपर्यंत हात पोहोंचविला. ख्रिस्ती श्रद्धेचेंच पण देशभाषेंतलें पुस्तक अशा हवेंत शंकेस पात्र ठरलें. श्रद्धा राखण्याच्या नांवाखालीं श्रद्धेचाच ग्रंथ बुडावा, हा इतिहासाचा टोमणा म्हणावा लागेल.

वांचलें तें हस्तलिखितांनीं. मंगळूर प्रांतांत स्थलांतरित झालेल्या कुटुंबांनीं पोथ्या नकलून ठेविल्या. १७८४ मध्यें टिपूनें तेथील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें तेव्हां या पुराणाच्या पठणानें त्यांस धीर दिला, अशी परंपरा आहे. त्या बाजूच्या प्रतींवरून जोसेफ साल्दान्य यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींतच आवृत्ति काढली. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें नागरी लिप्यंतर प्रसिद्ध केलें. पुढें कॅरिदाद द्रागो (१९९६) व नेल्सन फाल्कांव (२००९) यांचे प्रयत्न झाले.

रोमन पोथी हातीं आल्यास घाबरूं नये. दोन-चार संकेत कळले कीं वाचन चालतें. ‘एक्स’ हें अक्षर श-ष दाखवितें, मूर्धन्य वर्णासाठीं अक्षर दुहेरी लिहिलें जातें, म्हणजे एका ‘एन्’चा न व दोन ‘एन्’चा ण, तसेंच ट, ड व ळ यांचें, ‘सी’ म्हणजे बहुधा क. ‘पुराण’ या शब्दांत ‘एन्’ दोनदां पाहून लेखकाचा प्रमाद समजणारे वाचक आम्हीं पाहिले आहेत! वस्तुतः ही लेखनपद्धति अनेक मोडी लेखकांच्या ऱ्हस्व-दीर्घापेक्षां अधिक काटेकोर आहे, व तत्कालीन उच्चाराचा पुरावा म्हणून मोलाची आहे.

आतां मुख्य प्रश्न. लंडनच्या पौर्वात्य विद्यालयांत विल्यम मार्सडेन याच्या संग्रहांत या पुराणाची नागरी प्रत आहे. तींत दोन भागांस ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ अशीं नांवें आहेत. मराठी संतचरित्रांचे भाषांतरकार जस्टिन अॅबट यांनीं १९२३ च्या सुमारास तिच्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. रोमन वाचनेंत जेथें पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द आहेत तेथें नागरी वाचनेंत बहुधा संस्कृत शब्द येतात. अॅबट यांचें म्हणणें असें कीं, स्टीफन्सनें मूळ ग्रंथ नागरींतच लिहिला, व ही वाचना त्या मुळाची आहे.

लिपीपुरतें हें मत संभवनीय आहे; ज्यानें नागरी खिळ्यांची मागणी केली तो नागरींत लिहीत नसेल असें मानवत नाहीं. शब्दांविषयीं मात्र आम्हांस तें पटत नाहीं. त्या काळचा जेझुइट धर्मशब्दांबाबत फार भ्यालेला होता, व त्याच्या भयास कारण होतें. १५४९ मध्यें जपानांत गेलेल्या फ्रान्सिस झेवियरनें ईश्वरास प्रथम ‘दाइनिचि’ म्हटलें. तें महावैरोचन बुद्धाचें नांव आहे हें कळतांच तो शब्द टाकून लॅटिन ‘देउस’ चालविला. साक्रामेंत, इगर्ज, स्पिरितु सांतु हे शब्द गोव्यांत मराठी ओवींत जसेच्या तसे राहिले ते अज्ञानानें नव्हे, याच सावधगिरीनें. ‘वैकुंठ’ किंवा ‘मुक्ति’ यांसारखे शब्द रोमन वाचनेंतही आहेत. म्हणजे जेथें अर्थाचा घोटाळा पत्करण्याजोगा वाटला तेथें देशी शब्द घेतला, आणि जेथें सिद्धान्ताचा कणा होता तेथें परका ठेविला. ही निवड एका विचारी लेखकाची आहे. उलट परके शब्द सरसहा काढून संस्कृत घालणें हें गोव्याबाहेरील, हिंदु श्रोत्यांपुढें वाचूं इच्छिणाऱ्या मागाहूनच्या हाताचें काम दिसतें. मदुरेस १६०६ पासून रोबेर्तो द नोबिलीनें हीच संस्कृतप्रचुर वाट धरली होती, व तिजवरून रोमेपर्यंत वाद गेला होता. तेव्हां असा हात कल्पिणें अशक्य नाहीं.

या मताची परीक्षा कोणासही करतां येईल. ओवीच्या पहिल्या तीन चरणांपैकीं एखाद्याच्या अंतीं पोर्तुगीज शब्द असलेल्या जागा रोमन वाचनेंतून काढाव्या, व नागरी वाचनेंत त्याच जागीं यमक कसें साधलें आहे तें पाहावें. केवळ शब्द बदलून यमक मोडलें असेल तर रोमन वाचना आधींची. सबंध चरणच निराळा व सुबक असेल तर अॅबट यांच्या बाजूस वजन पडेल. तुटक उताऱ्यांवर हा निकाल लावूं नये.

जिवंत भाषेची साक्षही विचारांत घ्यावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा ठराव केल्यावर महाराष्ट्रांतील कॅथलिक देवळांत मराठी उपासना आली. आजचा वसईचा ख्रिस्ती मनुष्य ‘मिस्सा’ व ‘इगर्ज’ म्हणतो, आणि त्याच दमांत ‘स्नानसंस्कार’, ‘ख्रिस्तसभा’, ‘पवित्र आत्मा’ असेंही म्हणतो. दोन्ही थर एका तोंडीं नांदतात. लॅटिन मिस्सेसच खरी परंपरा मानणारा एक पक्ष जगभर आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं २००७ मध्यें त्यास मोकळीक दिली, पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ मध्यें ती आवळली. त्या वादांत उतरणाऱ्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, साष्टींत वेदीवर लॅटिन चालत असतांच श्रोत्यांपुढें मराठी ओवी म्हटली जात होती, आणि तीस धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेनेंच मुद्रण लाभलें होतें.

राहतां राहिली शोधाची गोष्ट. १६१६, १६४९ व १६५४ या सालांचीं छापील पानें एखाद्या दुसऱ्याच ग्रंथाच्या बांधणींत पुठ्ठ्याचें अस्तर म्हणून दडलेलीं असूं शकतात. जुन्या पोर्तुगीज बांधणींत रद्दी पानें अशीं वापरीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत किल्लारी, सास्तूर व माकणीच्या आसपासचीं दगडमातीचीं घरें कोसळलीं, त्यांबरोबर घरांतले कागदही गेले, हें धाराशिवकडील संग्राहकांस सांगावयास नको. गोवा, कारवार व मंगळूर येथील जुन्या घरांशीं ज्यांचा संबंध असेल त्यांनीं अशा बांधण्यांचीं अस्तरें तपासावींत. ओलीं करून सोडवूं नयेत, उजेडापुढें धरून आधीं अक्षरें पाहावीं, आणि दुहेरी ‘एन्’ दिसल्यास तें पान तसेंच राहूं देऊन आम्हांस कळवावें.