कॉलरबोन कुठे मोडलं?

मलकापूर-नांदुरा-खामगाव महामार्गावर दुचाकी घसरल्याची बातमी येते, तेव्हा जखमीबद्दल ‘खांद्याला मार’ एवढंच छापून येतं. पुष्कळदा मोडलेलं असतं ते कॉलरबोन. ते कुठे मोडतं याचं गणित डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं: मधला भाग 80 टक्के, खांद्याकडचं टोक 15, छातीकडचं 5. ऑलमन यांनी 1967 मध्ये केलेल्या तीन गटांना हे आकडे कायमचे चिकटले आहेत. पण रॉबिन्सन यांनी 1998 मध्ये एडिनबरोतल्या 1000 फ्रॅक्चरचा हिशेब मांडला, तेव्हा मधला भाग 69 टक्क्यांवर आला आणि खांद्याकडचं टोक 28 वर गेलं. छातीकडच्या टोकाला 3 टक्केही मिळाले नाहीत. पुढे अमेरिकेतल्या एका ट्रॉमा सेंटरमध्ये हेच टोक 9 टक्क्यांवर निघालं, आणि त्यातले बहुतेक रुग्ण वाहन अपघातातले होते. म्हणजे टक्केवारी नुसत्या हाडाची नसते. कोण पडलं, किती वेगात आदळलं आणि तपासलं कशाने, हेही तिच्यात मोजलं जातं.

मधला भाग बारीक, त्यावर स्नायूंचं आवरण नाही, म्हणून तो सहज मोडतो आणि साध्या एक्स-रेत लख्ख दिसतो. छातीकडचं टोक मात्र कणा, बरगड्या आणि छातीच्या हाडाच्या सावल्यांत बुडून जातं. त्यात या हाडाची वाढही विलक्षण! गर्भात सगळ्यांत आधी हाडपण येतं ते यालाच, आणि छातीकडचं टोक पूर्ण जुळायला पंचविशी उजाडते. त्यामुळे विशीतल्या मुलाचा तिथला सांधा निखळल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात अनेकदा वाढीच्या थरातून हाड तुटलेलं असतं. एक्स-रेची नळी डोक्याच्या दिशेने 40 अंश तिरकी केली तर बरंच कळतं. खात्री सीटी स्कॅनच देतो.

कुठेही मोडलं तरी हात झोळीतच बांधायचा, मग एवढी चिकित्सा कशाला, असा आक्षेप येतो. बहुतेकांना झोळी पुरते, हे खरंच. पण खांद्याकडचं टोक सरकलं तर ते न जुळण्याची भीती जास्त, आणि छातीकडचं मागे घुसलं तर श्वासनलिका व मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. वेगवान वाहनांच्या अपघातात ही दुसरी शक्यता विसरून चालत नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. मेहकर, सिंदखेडराजा परिसरात तिथे जखमी होतात ते भरधाव मोटारींतले. छातीला जबर मार असलेल्या अशा रुग्णाचा साधा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, तरी गळ्याखाली सूज असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर सीटी सांगायलाच हवा.