आतड्यातील अडथळा : शस्त्रक्रियेनंतरची सावधगिरी

मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, टाके निघाले आणि घरचा कर्ता पुरुष पुन्हा पेढीवर बसू लागला, की कुटुंबास वाटते, आजार संपला. बहुतेकांच्या बाबतीत तो खरोखरच संपलेला असतो. तथापि अशा शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित दहा-पंधरा वर्षांनीही लहान आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो. ही शक्यता घरातील प्रत्येकाने जाणून घेतली पाहिजे. कारण या विकारात रुग्णाचे भवितव्य वेळेवर अवलंबून असते आणि नेमका तोच वेळ घरगुती उपायांत खर्ची पडतो.

शस्त्रक्रिया मोठ्या आतड्याची आणि अडथळा लहान आतड्यात, हे कसे? आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असून ते पोटात वेटोळ्यांच्या रूपाने सामावलेले असते. कर्करोग, पीळ अथवा अन्य कारणाने मोठ्या आतड्याचा भाग काढताना पोटाच्या आतील नाजूक आवरणाला इजा होते. ती भरून येत असताना तेथे दोऱ्यांसारखे तंतुमय पट्टे तयार होतात. यालाच आपण 'आतडी चिकटली' असे म्हणतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांत असे पट्टे निर्माण होतात आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. मात्र एखाद्याच्या बाबतीत या पट्ट्यामुळे आतडे मुडपते, आवळले जाते किंवा त्याला पीळ पडतो. लहान आतड्याच्या अडथळ्यांपैकी निम्म्याहून अधिक अडथळे याच कारणाने होतात. टाक्यांच्या जागी झालेला हर्निया अथवा पुन्हा उद्भवलेली गाठ हीदेखील कारणे असू शकतात. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत पट्टे तुलनेने कमी होतात, परंतु धोका पूर्णतः टळत नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. वायू सरत नाही, पोट जड वाटते. ही तात्पुरती सुस्ती असून ती बहुधा आपोआप ओसरते. म्हणूनच डॉक्टर रुग्णास लवकर उठवून चालावयास लावतात. घरी आल्यानंतर, सर्व सुरळीत सुरू असताना अचानक उद्भवणारा त्रास मात्र निराळा समजावा.

लक्षणे कोणती?

कळा येऊन थांबणारी पोटदुखी, वारंवार उलट्या, पोट फुगणे आणि शौच व वायू दोन्ही बंद होणे, ही चार मुख्य लक्षणे होत. उलटी हिरवट-पिवळी असणे ही विशेष गंभीर खूण. प्रारंभी एखाददुसऱ्या वेळेस शौचास होऊ शकते. अडथळ्याच्या खालचा मळ तेवढा बाहेर पडतो. तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. कळा थांबून वेदना सतत होऊ लागली, ताप आला, नाडी जलद झाली किंवा पोट दगडासारखे कडक झाले, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची शंका घेतली जाते. अशा वेळी तास-तास मोलाचा असतो.

पूर्वी पोटाचे ऑपरेशन झालेल्या व्यक्तीस अशी लक्षणे दिसताच एरंडेल, जुलाबाचे चूर्ण वा सोडा देऊ नये. पुढची वाट बंद असताना मागून जोर लावणे घातक ठरते. 'गॅस झाला असेल', 'सीझन संपला की दाखवू' असे म्हणून रात्र काढू नये. अडथळ्याच्या रुग्णावर सूर्य मावळू देऊ नये, असे जुने शल्यचिकित्सक म्हणत असत.

उपचार

रुग्णालयात एक्स-रे व सीटी स्कॅनद्वारे निदान होते. तोंडावाटे अन्नपाणी बंद करून शिरेतून सलाईन देतात आणि नाकातून जठरात नळी घालून साचलेला द्रव काढतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यचिकित्सक ओवेन वँगेनस्टीन यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आणि असंख्य प्राण वाचले. चिकटलेल्या आतड्यांच्या बऱ्याच रुग्णांत एवढ्यानेच अडथळा सुटतो. गंभीर खुणा नसल्यास साधारणतः ३ दिवसांपर्यंत वाट पाहिली जाते. क्ष-किरणांत दिसणारे विशिष्ट द्रावण देऊन ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोहोचते का, हेही पाहतात; पोहोचल्यास शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता पुष्कळ असते. रक्तपुरवठा धोक्यात असल्यास मात्र तातडीची शस्त्रक्रिया अटळ ठरते.

आपल्या घरांत

घरी परतल्यावर प्रारंभी मऊ, कमी चोथ्याचा आहार थोडा-थोडा द्यावा. आहारपत्रकात उकडलेला बटाटा लिहिलेला असल्यास संकोच न करता आहारतज्ज्ञास सांगावे. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, साल-बिया काढून शिजवलेला दुधी हे पर्याय आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. अन्न सावकाश चावून खावे. चौविहार, आयंबिल अथवा दीर्घ उपवास पुन्हा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आणि गुरुभगवंतांचे मार्गदर्शन, दोन्ही घ्यावे. पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात, याचा विसर पडू नये.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. आपण ठेवींच्या पावत्या ज्या काळजीने जपतो, त्याच काळजीने डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील व तपासण्यांचे अहवाल एका फाइलीत ठेवावेत. मध्यरात्री धावपळ झाली, तर कोणता भाग काढला आहे, हे नव्या डॉक्टरांस त्यावरूनच कळते. आरोग्य विम्याच्या प्रस्तावात पूर्वीची शस्त्रक्रिया स्पष्ट नमूद करावी. लपविलेली माहिती नेमकी दाव्याच्या वेळी अडसर ठरते. आणि ती फाइल कोठे आहे, हे घरातील सुनेला व मुलांनाही ठाऊक असावे. कारण दुखण्याने तळमळणारा माणूस स्वतः कपाट उघडण्याच्या स्थितीत नसतो.