मोहल्ल्याची चव: बुऱ्हाणपूरचा मांडा आणि एदोची सुशी

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली ‘वासाबी बाय मोरिमोटो’ सुरू झालं. आपल्याकडच्या अनेक खवय्यांची सुशीशी पहिली ओळख अशाच पंचतारांकित टेबलांवर झाली. त्यामुळे सुशी म्हणजे उंची, नाजूक, खिसा भरलेल्यांचं खाणं, अशी समजूत आपल्या मनात घट्ट बसली. तिचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. आज जगभर पोहोचलेली हातावर वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर हातगाड्यांवर रुजली. हा इतिहास मध्य प्रदेशातल्या, तापीकाठच्या बुऱ्हाणपूरशी ताडून पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. गल्लीतलं स्वस्त अन्न ही महागड्या अन्नाची हलकी नक्कल नसते. स्वयंपाकातलं पुष्कळसं कसब त्या स्वस्ताईच्या सक्तीतूनच घडलेलं असतं. म्हणून एखाद्या शहराची खाद्यपरंपरा जपायची, तर आधी तिचा भाव आणि तिचा मोहल्ला जपायला हवा.

एदोतल्या सुशीचं श्रेय सहसा हानाया योहेई या विक्रेत्याला दिलं जातं. काळ साधारण १८२० च्या दशकाचा. मुळात सुशी म्हणजे भातात महिनोन्‌महिने आंबवलेले मासे. कामावरून परतणाऱ्या सुताराला किंवा हमालाला इतकं थांबणं शक्य नव्हतं. भातात व्हिनेगर मिसळलं की आंबवण्याचा काळ वाचत होता, पण तांदळाचं व्हिनेगर महाग पडे. हांडा गावच्या नाकानो माताझाएमोनने १८०४ च्या सुमारास साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून तांबूस रंगाचं स्वस्त व्हिनेगर तयार केलं आणि ते एदोत खपू लागलं. बर्फ नव्हता, म्हणून मासे सोया सॉसमध्ये मुरवायचे, व्हिनेगर लावून ठेवायचे किंवा शिजवून घ्यायचे. सुशीचा एकेक गोळा आजच्या दुप्पट-तिप्पट असे. दोन-तीन खाल्ले की भूक भागे. ट्यूना हा हलक्या प्रतीचा मासा मानला जाई आणि त्याचा चरबीचा भाग बहुधा फेकून दिला जाई. आज तोच भाग सर्वांत महाग विकला जातो. श्रीमंतांसाठीची सुशीची दुकानं एदोतही होती. परंतु आज जी तंत्रं उच्च कला म्हणून मिरवली जातात, त्यांतली बरीचशी रस्त्यावरच्या अडचणींवर शोधलेली उत्तरं आहेत.

विसाव्या शतकात हेच पुन्हा घडलं. युद्धानंतरच्या टंचाईत, १९४७ साली जपानमध्ये उपाहारगृहांवर निर्बंध आले, तेव्हा सुशीची दुकानं एका तोडग्यामुळे तगली. गिऱ्हाइकाने एक ‘गो’, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, तांदूळ आणून द्यायचा आणि मजुरी मोजून दहा सुशी न्यायच्या. आपण गिरणीत दळण टाकतो, तसाच हा व्यवहार. पुढे १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी हिगाशी-ओसाकात फिरत्या पट्ट्यावर सुशी वाढणारं पहिलं दुकान काढलं. कल्पना सुचली ती बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून. हिगाशी-ओसाका हे लहान-लहान कारखान्यांचं शहर आहे. कमी माणसांत, कमी वेळात, कामगाराला परवडेल अशा दरात वाढायचं, हा तिथला प्रश्न होता. सुशीच्या इतिहासातला एवढा मोठा बदल राजवाड्याच्या मुदपाकखान्यात झाला नाही, तो कारखान्यांच्या वस्तीत झाला.

बुऱ्हाणपूरही विणकरांचं आणि कामगारांचं शहर आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानांनी वसवलेलं हे गाव १६०१ मध्ये असीरगड पडेपर्यंत मुघलांच्या ताब्यात आलं आणि दख्खनच्या मोहिमांचं ठाणं बनलं. १६४१ मध्ये इथून गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं, असं नोंदवलं आहे. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेली मोमीन-अन्सारी विणकर कुटुंबं मालेगाव आणि भिवंडीप्रमाणे इथेही स्थिरावली. हातमाग गेले आणि यंत्रमाग आले, पण माग आणि घर एकाच छताखाली ही रीत पुष्कळ अंशी टिकली. जिथे घरातली बहुतेक माणसं मागाच्या कामात गुंतलेली असतात, तिथे रोज सगळ्यांसाठी भाकरी-पोळी भाजत बसणं म्हणजे मजुरीचे तास चुलीत घालणं. भट्टीवर तयार मिळणाऱ्या पातळ पोळीला, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या मांड्याला, जे स्थान आहे, ते या हिशेबातून उलगडतं.

हा मांडा महाराष्ट्रातल्या पुरणाच्या मांड्याहून निराळा. यात सारण नसतं. मैद्याची सैल, लवचीक कणीक हातावर झुलवत-फिरवत रुमालासारखी पातळ करायची, उलट्या कढईवर टाकायची आणि क्षणात उतरवून घडी घालायची. कणीक सैल असल्याशिवाय ती ताणली जात नाही आणि हात तयार नसेल तर सैल कणीक फाटते. हे कसब एका दिवसात येत नाही, आणि रोज चार पोळ्या करणाऱ्या घरात ते पोसताही येत नाही. ते टिकतं, कारण भट्टीवाला दिवसभर तेवढंच एक काम करतो आणि मोहल्ला त्याचा माल रोज उचलतो. एकच जिन्नस, पेटलेली एकच भट्टी, बसायला टेबल-खुर्ची नाही, उरलंसुरलं वाया जाणं नाही: यातून भावही उतरतो आणि हातही बसतो. माव्याची जिलेबी आणि रवा, साखर, तूप फेटून केलेला दराबा, या बुऱ्हाणपूरच्या ओळखीच्या पदार्थांमागेही असंच दीर्घ सरावाचं कसब आहे. हीच जिलेबी मुंबईत मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री बुऱ्हाणपूरच्या नावाने विकली जाते. या गावचं नाव बाहेर पोचवण्यात पदपथावरच्या कढईचा वाटा मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मांडा तर मुघल फौजेसाठी निघाला, म्हणजे तो दरबाराचाच वारसा. शहरात ही कथा प्रचलित आहे. पण मांडा या प्रदेशात मुघलांच्या फार आधीपासून आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात खापरावर भाजलेल्या मंडकाचं वर्णन येतं. विसोबा चाटीने खापर मिळू दिलं नाही म्हणून मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा मराठी घराघरांत माहीत आहे, आणि त्याच मुक्ताबाईचं समाधिस्थान बुऱ्हाणपूरच्या शेजारी, तापीकाठी कोथळी-मेहूणला आहे. खानदेशात खापरावरची पुरणपोळी आजही होते. पालथ्या भांड्यावर पातळ पोळी भाजण्याची युक्ती या मातीत आधीच होती; छावणीने तिला मोठं गिऱ्हाईक दिलं असेल आणि पुढे विणकरांच्या वस्तीने तिला रोजचं केलं असेल, असा माझा तर्क आहे. शिवाय फौजेची कथा खरी मानली, तरी तीही झटपट आणि घाऊक अन्नाचीच कथा आहे. शिपाई म्हणजे बादशहा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्वस्त अन्न कोणाच्या तरी स्वस्त श्रमावर उभं असतं. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि ते नाकारून चालणार नाही. भट्टीची धग, धूर, दिवसभर उभं राहणं, घरच्या माणसांचा न मोजलेला घाम, हे सगळं त्या भावात दडलेलं असतं. पण यावरचा उपाय पदार्थ महाग करून दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकणं हा नव्हे. तसं केलं की नफा बहुधा भट्टीवाल्याच्या नव्हे, जागेच्या मालकाच्या पदरात पडतो आणि मोहल्ला उपाशी राहतो. धूर कमी करणाऱ्या भट्ट्या, स्वस्त कर्ज, पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने देऊ केलेलं संरक्षण प्रत्यक्षात उतरवणं, या मार्गांनी श्रमाचा भार हलका करता येतो. स्वच्छतेच्या आक्षेपालाही हेच उत्तर. जपानमध्ये सुशीच्या हातगाड्या गेल्या, पण स्वस्त सुशी गेली नाही; ती नळ, ओटा आणि शीतपेटी असलेल्या छोट्या दुकानांत शिरली. इंदूरच्या छप्पन दुकान आणि सराफा भागांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडून स्वच्छ खाद्यपथाचा दर्जा मिळाला आहे. तेव्हा मध्य प्रदेशात हे अशक्य आहे, असं कोणी म्हणू नये.

२०२४ मध्ये बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी, १६१५ च्या सुमाराची ही व्यवस्था त्या मानाला सर्वस्वी पात्र आहे, आणि तिचं मोठेपणही पाणी साऱ्या शहरापर्यंत पोचवण्यात आहे. पर्यटक वाढले की इथल्या पदार्थांचे महोत्सव होतील, हॉटेलांच्या यादीत ‘शाही मांडा’ येईल, भौगोलिक मानांकनाची मागणीही होईल. त्यात गैर काहीच नाही. मात्र अशा प्रत्येक योजनेला एक कसोटी लावावी: पाळी संपवून घरी निघालेल्या मागवाल्याला आपल्याच गल्लीत, आपल्या मजुरीत, तो मांडा अजून घेता येतो का? येत असेल तर परंपरा जिवंत आहे आणि मानांकन तिला बळ देईल. येत नसेल, तर उरेल ती फक्त पाककृती; रोज हजारदा कणीक झुलवून जो हात घडतो, तो मात्र घडणार नाही. म्हणून महापालिकेने, पर्यटन खात्याने आणि खवय्यांनीही जपणुकीची सुरुवात मोहल्ल्यातल्या भट्टीपासून करावी.