पाचट ठेवलं, मग खोडवा पिवळा का?

उसाचं पाचट जाळू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. पण पाचट सरीत पसरलं, मशागत थांबवली आणि महिन्याभरात खोडवा पिवळा पडला, की बांधावर एकच निदान होतं: पाचटानं खत खाल्लं. निदान निम्मंच खरं आहे. खातात ते पाचट कुजवणारे जिवाणू. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ८०:१च्या आसपास. जिवाणूंचं काम सुमारे २५:१वर सुरळीत चालतं. कमी पडणारं नत्र ते मातीतून उचलून स्वतःच्या शरीरात बांधतात. जिवाणू मेले की ते पिकाला परत मिळतं, मात्र फुटवे येण्याच्या ऐन वेळी ते उसाच्या वाट्याला येत नाही. हेक्टरी पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस याचसाठी आहे. हा युरिया जिवाणूंचा, उसाचा नव्हे. उसाच्या खताच्या हप्त्यातून तो वजा करणारे फसतात.

‘जाळलं तर राखेचं तरी खत होतं’ हा जुना युक्तिवाद. हेक्टरी ८ ते १० टन पाचटात ४० ते ५० किलो नत्र असतं. काडी लावली की त्यातलं बहुतेक हवेत जातं, गंधकाचाही मोठा वाटा जातो. पालाश राखेत उरतं खरं, पण राख वाऱ्यावर आणि पावसाच्या लोंढ्यात जाते. शिवाय पालाशासाठी जाळायची गरजच नाही. ते नत्रासारखं सेंद्रिय संयुगांत अडकलेलं नसतं, त्यामुळे पाचट कुजण्याआधीच पाण्याबरोबर धुऊन मातीत उतरतं.

आच्छादन आहे म्हणून खत वरून फेकलं तरी चालतं, असंही मानलं जातं. इथं नुकसान मोठं होतं. युरियाचं विघटन करणारं युरिएज विकर काडीकचऱ्यात भरपूर असतं. पाचटावर कोरडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. म्हणून जिवाणूंसाठीच्या युरियामागोमाग पाणी द्यावं आणि पिकाचं खत पहारीनं बुडख्याजवळ १० ते १५ सेंमी खोल घालावं. स्फुरदाचा प्रश्न वेगळा. ते मातीत फारसं हलत नाही आणि विनानांगरणीत खाली-वर मिसळलंही जात नाही, त्यामुळे वरच्या थरातच साठतं. अशा शेतात एकाच खोलीचा माती नमुना दिशाभूल करतो. वरचा थर आणि मुळांचा थर वेगवेगळे तपासलेले बरे.

सगळ्यात घट्ट बसलेला समज सोयाबीनचा आहे: द्विदल घेतलं की जमिनीत नत्राची भर पडते. सोयाबीनच्या दाण्यात सहा टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. हेक्टरी २० क्विंटल उत्पादन म्हणजे सुमारे १२० किलो नत्र पोत्यांतून बाजारात गेलं. पीक एकूण गरजेच्या साधारण निम्मं किंवा थोडं जास्त नत्र हवेतून घेतं, बाकी मातीतून. कुटारही शेतात परतलं नाही तर हिशेब तोट्यात जाऊ शकतो. मग सोयाबीनमागे हरभरा किंवा गहू चांगला का येतो? गळलेला पाला आणि मुळं लवकर कुजतात, नत्र अडकवून ठेवत नाहीत, आणि पीक बदलल्यानं रोगाची साखळी तुटते. फेरपालटीचा फायदा खरा आहे, त्याचं कारण मात्र आपण चुकीचं सांगतो.

नुसती नांगरणी सोडून भागतं का? ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचा एकत्रित आढावा ‘नेचर’मध्ये आला होता. त्यात एकट्या विनानांगरणीनं उत्पादन सरासरी घटलेलं दिसलं. अवशेष आणि फेरपालट जोडल्यावर घट कमी झाली, तर कोरडवाहू, कोरड्या हवामानात उत्पादन उलट वाढलं. आपल्याकडची खरी अडचण अवशेष ठेवण्यातच आहे. ज्वारीचा कडबा शेतात ठेवा, हे गोठ्यात जनावरं असलेल्याला सांगून उपयोग नाही. त्याच्या हातात उरतात धसकटं आणि मुळं. मुळं जागेवर ठेवण्याचं उदाहरण आहे: नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत भाताची मुळं गादीवाफ्यातच कुजू देतात आणि त्याच वाफ्यांवर, न नांगरता, पुढचं पीक टोकतात.